आम्हाला आणखी कर्ज नको, कांडायला जागा द्या

मा. जिल्हाधिकारी, मा. महापालिका आयुक्त, आणि जिल्हा उद्योग केंद्र, कृषी विभाग, अन्न व औषध प्रशासन इथले सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार. एकाच पत्रात पाच ऑफिसांची नावं घातली कारण आमचं काम पाच ऑफिसांत वाटलेलं आहे. एकीकडे गेलं की ते म्हणतात हा विषय आमच्याकडे नाही तिकडे जा, आणि ते खरंच असतं, त्यांच्याकडे नसतोच. म्हणून सगळ्यांना एकदम लिहितेय आणि जे मागायचंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला शेवटपर्यंत वाचायला वेळ नसला तरी चालेल. शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे, शेंगापोळी असलं घरातून करून विकणाऱ्या आम्हा बायकांना सोलापूरच्या पूर्व भागात, रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणी एक सामाईक जागा पाहिजे. तिथं कायम पाणी असावं, कांडप मशीन, दाणे भाजायची भट्टी, पॅकिंगचं मशीन आणि दाणे तपासायची सोय असावी. भाडं आम्ही तासाप्रमाणे देऊ, फुकट नको.

आता का ते सांगते.

मी चटणी करते. म्हणजे आमच्या आत्या करतात, सासूबाई माझ्या, त्या अक्कलकोटकडच्या, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी चालतं. त्यांनी त्यांच्या आईकडून घेतली, मी त्यांच्याकडून. रेसिपी काय कुठे लपवून ठेवलेली नाहीये, दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ, बास. साखर नाही, वरून तेल नाही. सगळं काम भाजण्यात आणि कांडण्यात आहे. दाणे लोखंडी कढईत मंद जाळावर भाजायचे, जाळ मोठा केला की वरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात, आणि कच्चा दाणा गेला की चटणी लवकर खवट होते. साल बोटानं चोळल्यावर सुटलं पाहिजे आणि दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग पूर्ण गार करायचे, कोमट असताना कांडले तर वाफ धरते आणि ती ओल चटणीतच राहते. सालं चोळून सुपात पाखडायची. उखळात पहिल्यांदा लसूण, जिरं, मीठ, म्हणजे लसणाचं पाणी मिठात मुरतं, मग तिखट, रंगाला ब्याडगी आणि झणका यायला दुसरी जरा जहाल मिरची, आणि सगळ्यात शेवटी दाणे, मूठ मूठ. मुसळाचे घाव पडत राहिले की दाणा दबत जातो आणि त्याचं स्वतःचं तेल सुटतं. मुसळाच्या टोकाला चटणी चिकटून वर यायला लागली की आत्या थांबतात, चिमटीत घेऊन दाबून बघतात, गोळा झाला आणि बोटं तेलकट झाली की घाणा झाला.

हे मिक्सरमध्ये होत नाही ओ. मिक्सरचं पातं कापतं आणि कापताना गरम होतं, त्यामुळे आधी कोरडं कूट होतं आणि अजून फिरवलं की एकदम लगदा. मधली जी दाणेदार तेलकट अवस्था आहे ना, जी भाकरीवर पसरली की तशीच राहते, दह्यात घातली तर वर तेलाचा लाल तवंग येतो, ती कांडल्याशिवाय येत नाही. ज्यांनी सोलापुरात राहून खाल्लीय त्यांना पहिल्या घासाला कळतं. बाहेर सोलापुरी नावानं विकल्या जाणाऱ्या पुड्या मी पण आणून खाऊन बघितल्यात, त्यातल्या बऱ्याच नुसत्या कुटाला तिखट चोळल्यासारख्या लागतात, आणि माणसाला वाटतं हीच सोलापूरची चटणी. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागणीचं म्हणाल तर मागणी आहे. सुरुवातीला गल्लीत, मग ओळखीतल्या पोरांनी पुण्याला हॉस्टेलवर नेली, तिथून त्यांच्या रूममेटच्या घरी गेली. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणारं कुणी ओळखीचं असलं की पिशवी त्यांच्या हातात. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत तर विचारूच नका, बाहेरगावहून आलेली माणसं अर्धा किलो मागतात आणि आम्हाला पाव किलोच्या पुड्या पण पुरवता येत नाहीत. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिन्हीकडचा बराच भाविक सोलापूरवरून जातो, आषाढीला तर सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो. एवढं गिऱ्हाईक आपल्या दारावरून जाणारी गावं महाराष्ट्रात फार नाहीत.

मग अडलंय कुठं? पाच किलोवरून पन्नास किलोवर जाताना अडलंय. पाच किलो घरात होते. आत्या कांडतात, मी भाजते, नणंद पॅक करते. पन्नास किलो घरात होत नाही, आत्यांचे खांदे आता चालत नाहीत आणि उखळात एका वेळी जेवढं बसतं तेवढंच बसतं. आता डंकाचं कांडप मशीन मिळतं, ज्यात वरून लोखंडी मुसळं आपटतात, मिरची-हळद कांडायला वापरतात ना तेच. त्यात चटणी बरोबर होते, मी करून बघितलीय आणि आत्यांनी पास केलीय. पण ते घरात बसवायचं कुठं? आमची खोली पत्र्याची, भिंत शेजाऱ्याची आणि आमची एकच. डंक चालू झाला की त्यांची मांडणी हादरते, त्यांचं लेकरू झोपत नाही, ते येऊन बोलतात आणि त्यांचं बरोबरच आहे. मसाल्याच्या गिरणीत नेऊन कांडून आणायचं म्हणलं तर आधीच्या गिऱ्हाइकाची हळद, धने, गरम मसाला आपल्यात येतो. आणि उलट बघा की, आमच्या दाण्याचा अंश दुसऱ्याच्या हळदीत गेला आणि त्या घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर? जिवावर बेतू शकतं ते. लेबलवर शेंगदाणा आहे हे वेगळं छापायला लावतात ते उगाच नाही. म्हणजे शेंगदाण्याचं कांडप वेगळंच पाहिजे, आणि ते एकटीच्या घरात बसत नाही.

पाण्याचं तर सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतं त्या वर्षी पण आमच्या नळाचा वार ठरलेला. चटणीत पाणी घालत नाही हे खरं, पण भांडी, फरशी, फडकी, हात, सगळं धुवायला लागतं, आणि चांगलं पाणी लागतं. मी बॅरल झाकून ठेवते, तुरटी फिरवते, उकळून घेते, तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं साठवलेलं पाणी ते साठवलेलंच. खायच्या वस्तूच्या धंद्याला पिण्यायोग्य पाणी पाहिजे असं नियमात लिहिलंय आणि ते बरोबर लिहिलंय. आयुक्त साहेब, पूर्ण शहराला रोज पाणी कधी देता तो मोठा विषय झाला, त्याला वेळ लागतोय तर लागू दे, पण तोपर्यंत एका इमारतीला तर कायम पाणी देता येईल ना?

आता दाण्याचं. हे मी जरा सविस्तर सांगते कारण यावर कोण बोलत नाही आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी असते. शेंगा काढणीच्या वेळी पाऊस लागला, किंवा नीट न वाळवता पोती भरली, ओल आठ-नऊ टक्क्यांच्या वर राहिली, तर दाण्याला बुरशी लागते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते लिव्हरला घातक आहे. डोळ्याला दिसत नाही, आणि भाजलं तरी पूर्ण जात नाही. खायला तयार असलेल्या दाण्यात किलोला १० मायक्रोग्रॅमच्या वर ते नको असा आपल्याकडचा नियम आहे, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढं बारीक काय मी डोळ्यानं ओळखणार? मी काय करते तर दाणे ताटात पसरून एक एक वेचते, काळपट, सुरकुतलेला, फुटका, बुरशीचा ठिपका असलेला सगळा बाजूला. यानं धोका बराच कमी होतो, कारण विष बहुतेक अशाच दाण्यांत असतं. पण कमी झाला म्हणजे गेला असं नाही, खात्री तपासणीनंच होते.

तपासणी लॅबमध्ये करायची तर नमुना पाठवा, पैसे भरा, रिपोर्टची वाट बघा. कंपनीला जमतं, तिचा दाणा टनात येतो आणि तो खर्च किलोमागे पैशांत बसतो. माझ्यासारखीचं पोतं एक, आणि त्या एका पोत्याचा रिपोर्ट येईपर्यंत मी काय करायचं, गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आता पट्टीवर लगेच उत्तर देणारी किट मिळतात, ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. सामाईक जागेत हे दोन ठेवा आणि एक शिकलेली पोरगी बसवा. सोलापुरात फूड टेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी शिकणारी पोरं आहेत, पुण्याला नोकरी शोधत जातात. प्रत्येक बाईचं पोतं आत येतानाच तपासलं जाईल, नापास झालं तर दारातनंच परत. आमच्यातल्या एकीच्या चटणीनं कुणी आजारी पडलं तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची चटणी बंद पडेल, हे आम्हा सगळ्यांना माहितीय.

हिशेब पण सांगते, कारण महाग का म्हणून विचारणारे फार. २०२५-२६ च्या खरिपाला शेंगेचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये होता. १०० किलो शेंगा फोडल्या की साधारण ७० किलो दाणे निघतात, म्हणजे हमीभावाने धरलं तरी दाणा किलोला १०३-१०४ रुपये झाला. भाजल्यावर वजन उतरतं, सालं जातात, वेचलेला खराब दाणा जातो, दहाएक टक्के धरा, दाणा ११५ वर गेला. अजून लसूण आला नाही, आणि लसणाचा भाव तर एका वर्षात काय काय होतो ते सगळ्यांनीच बघितलंय. तिखट आलं नाही, गॅस आला नाही, पिशवी आली नाही, हाताची मजुरी तर कुणी धरतच नाही. म्हणून स्वस्त विकणारा कुठंतरी काहीतरी काढून घेत असतो, एकतर वेचणी काढतो नाहीतर दाण्यात डाळं मिसळतो.

नियमांच्या विरोधात मी नाही हे आधी लिहायला पाहिजे होतं, इथं लिहिते. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, लागू झाला ५ ऑगस्ट २०११ ला. मी नोंदणी केली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये फी, ऑनलाइन होते. १४ आकडी नंबर मिळाला तो पुडीवर छापला त्या दिवशी घरात आम्ही देवापुढे पुडी ठेवली होती. शेकड्यानं बायका आजही नोंदणीशिवाय विकतात, घाबरतात, त्यांना वाटतं इन्स्पेक्टर येऊन सगळं जप्त करेल. त्यांना सांगायला पाहिजे की शंभर रुपयात होतं, घाबरू नका. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, बॅच नंबर, केल्याची तारीख, किती दिवसांत खायचं ते, निव्वळ वजन, एमआरपी, हिरवा शाकाहारी ठिपका, पत्ता, तक्रारीचा फोन, हे सगळं लागतं, आणि लेबल चुकीचं निघालं तर दंड ३ लाखांपर्यंत जाऊ शकतो. तीन लाख! आमच्यातल्या कित्येकींची वर्षाची विक्री तेवढी नसते. दंड असू दे, पण लेबल बरोबर कसं करायचं हे समोर बसून शिकवणारं कुणीतरी पाहिजे, ते पण मराठीत, आणि आमच्याकडे कानडी-तेलुगूत सुद्धा. अन्न व औषध प्रशासनाच्या माणसानं महिन्यातून एकदा त्या जागेत येऊन बसावं, तपासायला नाही, सांगायला.

आता योजना. योजना नाहीत असं मी म्हणणार नाही, आहेत, आणि चांगल्या आहेत. केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची जी योजना २०२० साली आली, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, तिच्यात एकट्याला मशीनरीला ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आपले १० टक्के आणि बाकी बँकेचं कर्ज. बचत गटातल्या बाईला भांडवल म्हणून ४०,००० रुपयांपर्यंत. मुद्राचं कर्ज आहे, जिल्हा उद्योग केंद्राच्या वेगळ्या आहेत. जीएसटी पण २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवरचा १२ चा ५ टक्के झाला, बरं झालं.

पण एक गोष्ट बघा. बहुतेक सगळं मशीनला आणि कर्जाला आहे. मशीन ठेवायला जागा माझी पाहिजे. मी कर्जासाठी एका बँकेत गेले, नाव नाही लिहीत, तिथल्या साहेबांनी नीट बसवून ऐकून घेतलं, चटणी पण खाल्ली, आणि मग विचारलं जागा स्वतःची आहे का, भाड्याची असेल तर मालकाचा करार आणि धंद्याला संमती आणा. आमचा मालक म्हणतो राहायला दिलीय, धंद्याला लिहून दिलं तर टॅक्स बदलतो, लाइटचं मीटर बदलतं, नको. संपला विषय तिथंच. पूर्व भागात भाड्यानं राहणाऱ्या, चाळीत राहणाऱ्या, विडी वळत संसार केलेल्या बायका, त्यातल्या किती जणींकडे स्वतःच्या नावावर धंद्याला जागा असणार? सबसिडीपर्यंत पोचायच्या आधीच त्या गळून जातात. आणि ज्या पोचतात त्या प्रत्येकीनं कर्ज काढून स्वतंत्र मशीन घ्यायचं, जे दिवसातनं दोन तास चालणार आणि बाकी वेळ झाकून ठेवणार, हप्ता मात्र पूर्ण दिवसाचा. हे मला पटत नाही, कितीही विचार केला तरी पटत नाही.

सोलापूरला हे नवीन नाही ओ. आपल्याकडचा चादर-टॉवेलवाला बघा, चार-सहा माग असलेला छोटा कारखानदार स्वतःचा रंगाचा कारखाना काढत नाही. सूत रंगवून घेतो दुसरीकडे, बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रोळ, भरून घेतो तिसरीकडे, स्वतः फक्त विणतो. त्याच्यामुळंच छोटी माणसं त्या धंद्यात टिकली आणि सोलापुरी चादरीचं नाव झालं, तिला जीआय, म्हणजे त्या गावच्या वस्तूचं सरकारी मानांकन, मिळालं. खायच्या धंद्यात तसं मधलं काहीच नाही, एकतर घरचं उखळ नाहीतर एमआयडीसीत शेड, मधे पायरीच नाही.

त्याच पीएमएफएमई योजनेत गटांना, शेतकरी कंपन्यांना, सहकारी संस्थांना आणि सरकारी यंत्रणेला सामाईक सुविधेसाठी पण ३५ टक्के मदत आहे, दुसऱ्यांना भाड्यानं वापरायला द्यायची सोय असलेली केंद्रं त्यात लिहिलेली आहेत. म्हणजे मी काही नवीन कायदा करा म्हणत नाहीये. आधीच कुठं असं केंद्र असेल तर त्याचा पत्ता, वेळ, तासाचा दर वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर लावा, आम्ही उद्या येतो. नसेल तर महापालिकेची वापरात नसलेली एखादी इमारत, रिकामे गाळे, पटसंख्या नसल्यानं बंद झालेली शाळा, काहीही द्या. आतलं काय पाहिजे ते मी सांगते: शेंगदाण्याचं कांडप वेगळ्या खोलीत आणि मसाल्याचं वेगळ्या, गॅसवर फिरणारा भाजणीचा ड्रम ज्याचा जाळ कमी-जास्त करता येतो, दाणे गार करायला जाळीची टेबलं आणि पंखे, हवा काढून नायट्रोजन भरणारं पॅकिंगचं मशीन. हे शेवटचं फार महत्त्वाचं. चटणीचं तेल हवेनं, उन्हानं आणि उष्णतेनं खवट होतं, आणि सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ डिग्रीचा, पार्सलची गाडी दुपारभर उन्हात उभी असते. साध्या पिशवीतली चटणी मे महिन्यात पुण्याला पोचेपर्यंत तिचा वास बदललेला असतो. कंपनीची पुडी सहा महिने टिकते त्यात पॅकिंगचा मोठा हात आहे, आणि ते पॅकिंग आमच्या आवाक्यात आलं तर आम्हाला पण टिकण्यासाठी वेगळं काही घालायला लागणार नाही, चटणी आहे तशीच राहील. कांडप मशीन खरेदी करायच्या आधी मात्र कृपा करून आत्यांसारख्या चार जुन्या बायकांना बोलवून त्यात एक एक घाणा काढून बघा. टेंडरमध्ये हॉर्सपॉवर लिहितात, मुसळ किती उंचावरून आणि किती जोरानं पडतं ते कुणी लिहीत नाही, आणि चटणी त्यावरच ठरते.

आणि त्या पत्त्यावर प्रत्येकीला स्वतःच्या नावानं नोंदणी मिळाली पाहिजे, स्वतःच्या नावाची पुडी. सगळ्यांची चटणी एकत्र करून एकच ब्रँड काढा असं सांगणारे येतील, मला ते नको आहे. आमच्या आत्यांची चटणी लसणाला जास्त, शेजारच्या काकूंची जिऱ्याला जास्त, मुस्लिम पाच्छा पेठेतली एक ताई करते ती मिरचीला कडक, आणि तिन्हीचं गिऱ्हाईक वेगळं आहे. जागा एक, तपासणी एक, चव ज्याची त्याची.

कडक भाकरीचं पण थोडं लिहिते कारण चटणीबरोबर तीच जाते. ज्वारी आपल्याच जिल्ह्याची. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालं आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मिळालं. पातळ थापायची, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत अगदी कोरडी होईपर्यंत भाजायची, महिनाभर टिकते. पण थापणारा हात शिकायला वर्षं लागतात आणि पाठवताना निम्म्या मोडतात, त्यामुळं डबा, खोका, पॅकिंग या सगळ्यावर कुणीतरी शिकलेल्या माणसानं डोकं लावायला पाहिजे. २०२३ च्या राज्याच्या बजेटमध्ये सोलापूरला श्रीअन्न, म्हणजे ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्याचं, उत्कृष्टता केंद्र जाहीर झालं तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता, ज्वारीचं केंद्र ज्वारीच्या गावात. मग ते बारामतीला हलवायच्या बातम्या आल्या, आंदोलनं झाली. मला त्या राजकारणात पडायचं नाही. पण भाकरी थापणारी बाई इथं आहे, ज्वारी इथं आहे, तर मोडणार नाही असा खोका तरी इथं तयार होऊ दे.

उधारीचं एक. पुण्यातल्या एका दुकानानं माल घेतला आणि पैसे द्यायला एवढा उशीर लावला की पुढचा दाणा घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचेत, आणि एप्रिल २०२४ पासून आयकरात पण आलंय की मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत माल घेणाऱ्याला तो खर्च धरता येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर हे लागू होतं, ती फुकट आहे. हे मला खूप उशिरा कळलं, आणि आमच्यातल्या बहुतेकींना अजून माहीत नाही. त्या केंद्रात आठवड्यातून एक दिवस हे कागदाचं बघणारं माणूस बसलं तरी फार होईल.

काही जण म्हणतील सरकारनं कशाला करायचं, धंदा आहे, स्वतःच्या हिमतीवर करा. हिंमत आम्ही दाखवलीय ना, घरातलं सगळं करून रात्री दाणे वेचत बसलोय. मोठ्या कारखान्याला एमआयडीसीत रस्ता, पाणी, वीज, प्लॉट सरकारच करून देतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमचा प्लॉट म्हणजे एका इमारतीतले दिवसातले दोन तास, एवढंच मागणं आहे.

आणि ज्यांच्यासाठी हे होईल त्या कोण आहेत ते पण बघा. सोलापूरची बाई कायम घरात बसून कमावत आलीय, विडी वळून, शिलाई करून, टॉवेलला गाठी मारून, आणि कायम दुसऱ्याच्या नावाचा माल करून. विडीचं काम आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कुंभारीला रे नगरमध्ये ३०,००० घरांची वसाहत उभी राहिली, जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, स्वतःचं पक्कं घर मिळालं हे फार मोठं काम झालं. पण शहरापासून लांब गेलेल्या त्या बायकांना आता काम पण तिथंच जवळ लागणार. पहिलं केंद्र पूर्व भागात झालं आणि नीट चाललं तर दुसरं तिकडं करा. दोन्ही एकदम करायला जाऊ नका, एकच करा पण पाणी आणि माणसासकट करा, नुसती फीत कापून कुलूप लावलेली शेड आम्हाला नको.

माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या ऑफिसांनी एकदा एका टेबलाला बसावं आणि आम्हाला बोलवावं. आम्ही रिकाम्या हातानं येणार नाही. कोण किती किलो करते, महिन्याला किती तास मशीन लागेल, तासाला किती भाडं परवडेल याचा कागद आम्ही करायला घेतलाय, ज्यांच्याकडे अन्न नोंदणी आहे त्यांचे नंबर त्यात आहेत आणि ज्यांच्याकडे नाही त्यांची यादी वेगळी केलीय म्हणजे त्यांची नोंदणी त्याच दिवशी करून देता येईल. चटणी करणाऱ्या, भाकरी करणाऱ्या बायांनो, तुम्ही पण आपापला आकडा त्यात घाला, वाढवून सांगू नका, जेवढा आहे तेवढाच सांगा. बैठक गड्ड्याच्या धावपळीत नको, त्याच्या आधी लावा. आणि वेळ शक्यतो दुपारी बारा ते तीनच्या मधली ठेवा, सकाळी डबे असतात आणि चारनंतर पोरं घरी येतात, त्या वेळेत ठेवली तर ज्यांना बोलायचंय त्याच येऊ शकणार नाहीत.

आपली,
शेंगाचटणी करणारी एक बाई,
पूर्व भाग, सोलापूर